उड्डाणाचे तास कोणाच्या नावावर?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर माणसे जमिनीवर झोपली, सामानाचे ढीग लागले. कारण साधे होते. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे आणि विश्रांतीचे नवे नियम त्या वर्षी जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा आल्या आणि कंपनीने त्या हिशेबाने वैमानिक नेमलेले नव्हते. ज्या देशात पदवीधर पोरे शिपायाच्या जागेसाठी रांगा लावतात, त्याच देशात विमान उडवायला माणूस कमी पडला.

माणूस कमी का पडतो, याचा विचार आपल्या समाजाने आपल्या बाजूने केला पाहिजे. कारण विमान आणि आरक्षण हे दोन शब्द एकत्र उच्चारले की प्रस्थापितांच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते. “कोट्यातला पायलट असेल तर तुम्ही त्या विमानात बसाल का?” महाविद्यालयाच्या कँटीनपासून वाहिन्यांच्या चर्चेपर्यंत हे वाक्य आपल्या तरुणांनी शंभरदा ऐकले आहे. बहुतेक वेळा ते गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. वैमानिकाची पात्रता म्हणजे नक्की काय आणि ती कशी मिळते, हे एकदा समजून घेतले की त्या वाक्यातली हवा निघून जाते.

सुरुवात १२ वीपासून होते. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आजवर लागत आले आहेत. कला-वाणिज्यच्या अनेक मुलांनी ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर पूर्ण केलेले आहेत. मग वैद्यकीय तपासणी, आधी दुसऱ्या वर्गाची आणि नंतर पहिल्या वर्गाची. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे पेपर: दिशादर्शन, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम, विमानाचे तंत्र. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. हे सगळे अवघड आहे, पण अभ्यासाने होणारे आहे. आपली मुले याहून जाड पुस्तके पाठ करून एमपीएससी-यूपीएससीला बसतात.

खरी गोष्ट पुढे आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी एकट्याच्या शिरावर घेऊन करायचे. एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून करायचा. काही तास रात्रीचे, काही तास फक्त उपकरणांकडे पाहून. हे सगळे एका वहीत लिहायचे, तिला लॉगबुक म्हणतात. या तासांत कोणालाही सूट नाही. २०० च्या ठिकाणी १९० तास चालत नाहीत, ते ब्राह्मणाला चालत नाहीत आणि मांग-महारालाही चालत नाहीत. राखीव जागेवरून प्रवेश घेतलेला विद्यार्थीसुद्धा तेच तास भरतो, त्याच परीक्षकासमोर तेच विमान उतरवून दाखवतो. मग ‘कोट्यातला पायलट’ हा कोणता प्राणी आहे?

आता त्या तासांचा भाव पाहा. देशातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये परवाना हाती येईपर्यंत ५० लाखांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे २०० तासांत भागले तर एका तासाला २५ हजार रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली होती. आकाशातल्या एका तासासाठी जमिनीवरचे ८० दिवस राबावे लागते, आणि हमी होती वर्षाला १०० दिवसांची. एवढे करूनही नोकरी मिळत नाही. प्रवासी वाहतुकीसाठी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एकेका विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचे आणखी वीस लाखांच्या आसपास जातात. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत. त्यात शिकवून झाल्यावर नोकरीची वाट सोपी होते, पण तिथला एकूण खर्च कोटीच्या घरात जातो.

ज्याला ‘गुणवत्ता’ म्हणून मिरवले जाते तिच्या पोटात ही पावती आहे. आम्ही असे म्हणत नाही की पैसेवाल्याचा मुलगा नालायक असतो. तोही अभ्यास करतो, तोही घाम गाळतो. पण ज्याच्याकडे हे पैसे नाहीत तो स्पर्धेत हरत नाही, तो स्पर्धेच्या मैदानात पोहोचतच नाही. आणि मैदानात न आलेल्या माणसाला ‘नापास’ म्हणायचे, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे.

परवाना असलेले सगळे सारखे आणि नोकऱ्या थोड्या असतील तर कंपनी निवड कशी करते? इथे दुसरा पैसा बोलू लागतो. दोन इंजिनांच्या विमानावरचे तास, टाइप रेटिंग, सिम्युलेटरवर केलेला जादा सराव. मग संगणकावरची अभियोग्यता चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, गटचर्चा, मुलाखत. ज्याचे वडील किंवा काका कॅप्टन आहेत त्याला मुलाखतीत काय विचारतात हे जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या पोराला ते कोणी सांगत नाही. तो इंटरनेटवर शोधतो आणि क्लासवाल्याला पुन्हा पैसे देतो.

आणि इंग्रजी. इंग्रजीच्या धास्तीने आपली कितीतरी मुले या वाटेला जात नाहीत, म्हणून हे नीट सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकाच्या भाषेसाठी सहा पातळ्या ठरवल्या आहेत. त्यातली चौथी पातळी कामासाठी पुरेशी मानली जाते. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी ती तपासतात. चौथ्या पातळीत उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, फक्त समोरच्याला समजण्यात सहसा अडचण येता कामा नये. म्हणजे नियंत्रण कक्षाला तुमचे म्हणणे कळले पाहिजे आणि त्याचे तुम्हाला. कॉन्व्हेंटचा हेल लागत नाही. फ्रान्सचा वैमानिक फ्रेंच हेल काढून, जपानचा वैमानिक जपानी हेल काढून बोलतो आणि विमाने नीट उतरतात. नगरपालिकेच्या शाळेतला मुलगा नेटाने बसला तर ही पातळी गाठतो. नाक मुरडणाऱ्यांना नियमाचा आधार नाही.

लॉगबुकची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०११ मध्ये वैमानिकांच्या बनावट गुणपत्रिकांचे प्रकरण देशभर गाजले, परवाने रद्द झाले, अटका झाल्या. त्याच वर्षी राजस्थानातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये न उडालेले तास वहीत चढवल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने गुन्हे दाखल केले. हे तास आरक्षणाने आलेले नव्हते. ते विकत घेतलेले होते. तरी त्या काळात कोणत्याही वाहिनीने “पैशाने आलेला पायलट असेल तर तुम्ही त्या विमानात बसाल का?” असे विचारले नाही.

पण समजा, पैसा आला, तास भरले, वही जाडजूड झाली. मग दार उघडते का? याचे उत्तर अमेरिकेतल्या काळ्या वैमानिकांच्या इतिहासात आहे आणि तो आपल्या वाचकांनी माहीत करून घेतलाच पाहिजे.

बेसी कोलमन ही शिकागोत न्हाव्याच्या दुकानात लोकांची नखे साफ करणारी तरुणी. तिला विमान उडवायचे होते. अमेरिकेतल्या एकाही फ्लाइंग स्कूलने तिला घेतले नाही. एक तर काळी, त्यात बाई. ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट अॅबट यांनी तिला फ्रान्सला जायचा सल्ला दिला. ती फ्रेंच भाषा शिकली, समुद्र ओलांडून गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिने आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळवला. चळवळीच्या वृत्तपत्राचे काम काय असते, याचे आम्हाला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

दुसरा मार्लन ग्रीन. हा अमेरिकी हवाई दलातला वैमानिक. मोठ्या विमानांवरचे तीन हजारांहून अधिक तास त्याच्या वहीत होते. १९५७ मध्ये त्याने विमान कंपन्यांकडे अर्ज केले. कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या अर्जात वंशाचा रकाना होता, फोटोची जागा होती. त्याने दोन्ही कोरे ठेवले. वही पाहून कंपनीने त्याला चाचणीला बोलावले आणि माणूस पाहून नाकारले. त्याच्याहून कमी तास असलेल्या गोऱ्यांना मात्र नेमले. ग्रीन सहा वर्षे लढला. २२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो कामावर रुजू झाला १९६५ मध्ये. तीन हजार तासांची गुणवत्ता आठ वर्षे दाराबाहेर उभी होती.

अमेरिकेतले दार अजून पुरते उघडलेले नाही. २०२१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या शाळेतून २०३० पर्यंत ५ हजार वैमानिक घडवू आणि त्यात किमान निम्म्या महिला व गौरेतर असतील, असे जाहीर केले तेव्हा तिथेही ‘सुरक्षिततेशी खेळ’ अशी ओरड झाली. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ विमान आणि हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे मेली. चौकशी सुरू व्हायच्या आत राष्ट्राध्यक्षांनी त्याचे खापर समावेशाच्या धोरणावर फोडले. भाषा वेगळी, वाक्य आपल्या ओळखीचेच.

आपल्याकडे अर्जात जातीचा रकाना नसतो, पण आडनाव असते. जून २०२५ मध्ये एका मोठ्या खासगी विमान कंपनीतील प्रशिक्षणार्थी वैमानिकाने अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार नोंदवली. गुरुग्रामच्या कार्यालयात, विमान उडवायची तुझी लायकी नाही, चपला शिवायला परत जा, अशा अर्थाचे बोल आपल्याला ऐकवले गेले, असे त्याचे म्हणणे आहे. कंपनीने सर्व आरोप फेटाळले आहेत. खरे-खोटे न्यायालय ठरवील. आम्हाला एवढेच दिसते की कॉकपिटपर्यंत पोहोचलेल्या तरुणालाही अॅट्रॉसिटीचा कायदा जवळ ठेवावा लागतो.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स सरकारी होत्या तोवर वैमानिकांच्या जाहिरातीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा दाखवाव्या लागत. त्या किती भरल्या, किती ‘योग्य उमेदवार नाही’ म्हणून रिकाम्या राहिल्या, हा वादाचा विषय आहे. पण जाब विचारायला जागा होती. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या हाती गेली आणि ती जागा संपली. त्या दिवशी ‘महाराजा घरी परतला’ म्हणून वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. राखीव जागा कोणाच्या घरी गेल्या, हे कोणी लिहिले नाही. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. भरतीचा काळ आला आणि नेमका त्याच वेळी आपला हक्क गेला होता.

देशातील वैमानिकांत महिला सुमारे १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट, हे सरकार अभिमानाने सांगते. सांगावेच, अभिमानाची गोष्ट आहे. पण ते सांगता येते, कारण ते मोजले जाते. या महिलांत आणि पुरुषांत दलित किती, आदिवासी किती, भटके-विमुक्त किती, हे खासगी कंपन्यांच्या अहवालात छापण्याची पद्धत नाही. जे मोजले जात नाही त्याची मागणी करता येत नाही.

मग सरकारी मदत कुठे आहे? उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे प्रवेशाला आरक्षण आहे. पण प्रवेश राखीव असला तरी फी लाखांतच भरावी लागते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम आहे, हे आपल्या फार थोड्या पालकांना माहीत आहे. पण तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ज्याचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाख तो उरलेले लाखो रुपये कोठून आणणार? आणि ज्याचे उत्पन्न तीन लाख आहे, त्याच्याकडे तरी कोठून येणार? केंद्राची अनुसूचित जातींसाठी ‘टॉप क्लास’ शिक्षणाची शिष्यवृत्ती २००७ मध्ये निघाली. तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातली होती. वर केलेला हिशेब लावला तर एवढ्यात १५ तास उडता येते. २०० पैकी १५.

राहिले कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेले की तारण लागते. शहरातला सवर्ण बाप फ्लॅट दाखवतो. आपला बाप काय दाखवणार? ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आहे तीही अनेक ठिकाणी वतनाची, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असलेली. ती गहाण ठेवायची तर परवानगीसाठी तहसीलच्या चकरा, आणि मॅनेजर तोवर फाइल मिटून ठेवतो. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. त्या वतनाचे शेपूट आज विमानाच्या कर्जाच्या फायलीत अडकलेले दिसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळवून दिली. पोटापुरती मदत त्यांनी मागितली नव्हती. मुलगा बोटीत बसून शिकून परत येईल एवढी मागितली होती. १५ तासांची शिष्यवृत्ती कोणालाही कुठेच पोहोचवत नाही. महाराष्ट्रात महाज्योतीने ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली, म्हणजे राज्य सरकार पूर्ण खर्च उचलू शकते हे सिद्ध झालेले आहे. बार्टीकडे याच मापाची, पूर्ण २०० तासांची आणि टाइप रेटिंगसह योजना मागायला आपल्या संघटनांना कोणी अडवलेले नाही.

मागायची जागाही जवळ आहे. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीतली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढणार असे २०२४ मध्ये जाहीर झाले. ती जागा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीने, निविदा काढून ३० वर्षांसाठी दिलेली आहे. जमीन जनतेची, विमानतळ जनतेच्या पैशाचा, आणि बेलोऱ्याच्या पंचक्रोशीतल्या बौद्धवाड्यातला मुलगा कुंपणाबाहेरून विमान बघणार, हे आम्हाला मान्य नाही. राज्यघटनेच्या कलम १५(५) नुसार खासगी शिक्षण संस्थांतील प्रवेशातही अनुसूचित जाती-जमाती आणि मागास वर्गांसाठी कायद्याने तरतूद करता येते, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आहे. फ्लाइंग स्कूल ही शिक्षण संस्थाच आहे. अमरावतीच्या आणि गोंदियाच्या आमदारांना हा प्रश्न अधिवेशनात विचारायला लावणे हे तिथल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

योजना येईपर्यंत ज्यांच्या घरात १२ वी विज्ञानाचे मूल आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. एक पैशाची फी न देता विमान शिकवणारी संस्था या देशात आहे, ती म्हणजे हवाई दल. १२ वीनंतर खडकवासल्याच्या एनडीएची वाट आहे. तिथे आरक्षण नाही, पण फीही नाही, आणि २०२२ पासून मुलींनाही दार उघडले आहे. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांची आणि नाशिकला मुलींची सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. हवाई दलातून हजारो तास घेऊन निघालेल्या वैमानिकाला विमान कंपन्या स्वतः बोलावतात. ग्रीनच्या वहीतले तासही सरकारनेच भरलेले होते.

खासगी वाटेनेच जायचे असेल तर पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा करा, फ्लाइंग स्कूलचा नव्हे. तपासणीत न बसणाऱ्या मुलाकडून आधी लाखोंची आगाऊ रक्कम घेणारे दलाल बाजारात आहेत. मग डीजीसीएचे पेपर द्या. त्यांना विमानाच्या तुलनेत फार थोडा पैसा लागतो आणि मुलाची ओढ खरी आहे की नाही तेही कळते. शाळा निवडताना जाहिरात पाहू नका. डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करते आणि पहिल्याच यादीत एकाही शाळेला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. तिथे किती विमाने चालू स्थितीत आहेत, किती शिक्षक आहेत, मागच्या तुकडीचे २०० तास किती महिन्यांत झाले, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच गाठून विचारा. आणि नोकरीचा कागद हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नका. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा हजारो तास उडालेले कॅप्टन रांगेत आले होते. त्या रांगेत कर्ज काढून नुकताच परवाना घेतलेल्या पोराचा नंबर शेवटी लागतो, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो.